समुद्रावर नेलेले पैसे

पुन्हा धानाचे दिवस आले. भनपुरीच्या रस्त्यावर पोत्यांनी भरलेल्या ट्रकांची रांग लागली आहे. त्या बाजूनं वारा फिरला की गिरण्यांत उकडल्या जाणाऱ्या उसना तांदळाचा ओला, उबट वास आमच्या समता कॉलोनीपर्यंत येतो. कारखान्यांची काळी धूळ तर रायपूरच्या गच्च्यांवर बाराही महिने असते. या दिवसांत तिच्यात कोंडा मिसळतो आणि वाळत घातलेल्या साड्या झटकून मगच त्यांच्या घड्या कराव्या लागतात. धान विकलं गेलं की गावागावांतून पैसा शहरात येतो. कापडाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, सोनाराकडे खुर्च्या कमी पडतात, सगळ्या शहराचा हात सैल होतो. मला मात्र या वासानं समुद्र आठवतो. रायपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. पण असल्याच दिवसांत, मी नोकरीतून निवृत्त झाले त्या वर्षी, आम्ही नवराबायको क्रूझवर गेलो होतो. आणि त्या क्रूझवर मी माझे पैसे घेऊन गेले होते.

त्यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. सांगते.

आमचे हे रेल्वेत होते. लग्न झाल्यापासून आमचा सगळा प्रवास त्यांच्या पासावर आणि पैसा त्यांच्या बंडीत. सदऱ्याच्या आत ते जाड कापडाची बंडी घालायचे, तिला आतून चोरखिसा, खिशाला दोन बटणं. फलाटावर गाडी थांबली की मी खिडकीशी आणि ते वरच्या बाकावर. मी म्हणायची, "अवो, जरा पैसे द्या नं." मग सदऱ्याची बटणं, मग बंडीची बटणं, मग नोटा मोजून त्यातली एक. डोंगरगडला एकदा सीताफळांची टोपली खिडकीपर्यंत आली होती. डोळे उघडलेली, पिकायला आलेली फळं, त्यांच्यावर हिरवी पानं. बाई भाव सांगत होती, मी वर हात करून उभी होते आणि यांचं दुसरं बटण अडकलं. गाडी हलली. बाई दोन पावलं धावली आणि थांबली. सीताफळं पुढे खूप खाल्ली, यांनी आठवणीनं आणूनही दिली. पण त्या टोपलीचा राग माझ्या मनातून गेला नाही.

कुणाला वाटेल, माणूस कंजूष असेल. मुळीच नाही. कंजूष असते तर बरं झालं असतं, भांडायला काहीतरी हाती लागलं असतं. मागितलं तेवढं ते द्यायचे. फक्त दिवेलागण झाली, देवापुढे निरांजन लागलं की खुर्चीत बसून म्हणायचे, "हं, सांग." मग मी सांगायची. भाजी, दूध, लेकीची वही, ऑटो. त्यांच्या घरात त्यांच्या आईनं त्यांच्या वडिलांना असंच सांगितलं होतं. त्यात हुकूम नव्हता, आरडाओरडा नव्हता, तो घरचा रिवाजच होता. मी सरकारी कचेरीत कारकून होते, दिवसभर लोकांच्या बिलांवर शेरे मारायची, आणि संध्याकाळी घरी येऊन कोथिंबिरीचा भाव सांगायची. पगार माझ्या नावावर यायचा. पासबुक यांच्या कपाटात आणि कार्ड यांच्या पाकिटात. आमच्या कचेरीतल्या बायका म्हणायच्या, "तुम्ही नशीबवान, घरचे सगळं बघतात." मीही हसून हो म्हणायची. आपलीच ओंजळ असून दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिण्याची सवय लागते, आणि पाणी तर मिळतंच, मग तक्रार कसली करायची?

हिशेब न देता पैसे खर्च केल्याची माझी एकच आठवण होती, तीही लहानपणची आणि याच दिवसांतली. तेव्हा तेलीबांधा तलावाच्या पलीकडे शेतं होती. धान कापून, भारे बांधून नेले की शेतात लोंब्या सांडलेल्या राहायच्या. त्या वेचायच्या, त्याला म्हणतात सीला. आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, दुलारी मला सोबत न्यायची. धसकटं पायाला टोचायची, फ्रॉकचा ओचा भरून जायचा, नखांत माती. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, हे घरी कुणाला द्यायचं? ती माझ्याकडे बघतच राहिली. "जेन बीनही, तेकरे आय," म्हणाली. जो वेचेल, त्याचंच. तिचा बाप दारूसाठी भांडी विकायचा, पण लेकीच्या सीलाला त्यानं कधी हात लावला नाही, तो गावाचा कायदाच होता. आम्ही ते धान किराणावाल्याकडे टाकून मुर्राचे, म्हणजे कुरमुऱ्यांचे, लाडू घ्यायचो आणि तलावाच्या पाळीवर बसून खायचो. गूळ दाताला चिकटायचा. घरी आईनं विचारलं, जेवत का नाहीस, तर मी सांगितलं नाही. तिनंही फार विचारलं नाही.

आता त्याच बाजूला काचेच्या इमारती आहेत आणि त्यातल्या एकीत प्रवासाची तिकिटं काढून देणाऱ्या एका मुलीचं ऑफिस होतं. क्रूझची कल्पना नेहाची, आमच्या लेकीची. ती इथंच नोकरी करते, मराठी सगळं समजतं तिला आणि उत्तर हिंदीत देते. तिनं तिकिटं ठरवली, मुंबईहून निघून लक्षद्वीपकडे जाणारं जहाज, आणि बाकीचं समजून घ्यायला आम्हाला त्या ऑफिसात पाठवलं. खाली तलाव चकचकत होता. त्या मुलीनं आम्हाला समजावलं, की जहाजावर खिशातली नोट चालत नाही. चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तेच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. त्यात रोख रक्कम जमा करा, नाहीतर बँकेचं कार्ड जोडा. जेवणखाण तिकिटात आहे, पण वरची कॉफी, दुकानं, मालिश, फोटो, सगळं त्या कार्डावर चढत जातं आणि शेवटी बिल होतं.

"सर के कार्ड से दोनों को जोड़ देती हूँ, आंटी," ती म्हणाली. "एक ही बिल बनेगा, झंझट नहीं."

"हव, तसंच करा," हे म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "माझं वेगळं ठेवा."

त्या मुलीची बोटं थांबली. हे माझ्याकडे वळले. "अवं, कायले? एकाच खोलीत तर राहून राहिलो आपण."

"खोली एक राहू द्या. पैसे दोन."

हे मी आधी ठरवून गेले नव्हते. शब्द आधी आले आणि निश्चय मागून आला, पण आला तो असा बसला की मग हलला नाही. परतताना ऑटोत आम्ही दोघं तलावाकडे बघत बसलो.

घरी मात्र बोलणं झालं. नेहा आली होती. "मम्मी, इतना क्या टेंशन? फोन में सब है ना."

"समुद्रात नेटवर्क नाई राहत म्हणते ते पोट्टी."

"तो पापा के साथ जोड़ लो. पापा कभी मना करते हैं क्या?"

यांनी तोच धागा पकडला. आवाज चढला नव्हता, दुखावलेला होता. "मी तुले कधी नाई म्हटलं का? सांग बरं. एकदा तरी?"

"नाई म्हटलं नाई तुमी. पण मले दरवेळी विचारा लागलं."

"विचारलं तं काय बिघडलं?"

"तुमी कोणाले विचारता?"

हे उठले आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. सकाळी घातलेलंच होतं. नेहा काही वेळ फोन खालीवर करत बसली, मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "सही बोल रही हो आप." तिनं नवऱ्याला स्वतःचं कार्ड दाखवलंही नसेल; पण आईनं वेगळं मागितलं की तिलाही आधी चुकल्यासारखंच वाटलं. मला तिचा राग आला नाही. माझाच जीव घाबरा झाला होता. एवढा जन्म सोबत काढला आणि म्हातारपणी हिला वाटणी सुचली, असं यांना वाटलं तर? मी वाटणी मागत नव्हते. घर, जमीन, दागिने, सगळं जिथं होतं तिथं राहू दे. मला फक्त एका प्रवासापुरतं बघायचं होतं की कुणाला न सांगता खर्च केलेला पैसा हाताला कसा लागतो. ते आता नाही बघितलं तर कधीच बघणार नाही, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी बँकेत गेले. पेन्शनच्या खात्यावर नवं कार्ड मागितलं. मशीनपुढे उभी राहून आकडे निवडायची वेळ आली तेव्हा लग्नाची तारीख आठवली, नेहाची जन्मतारीख आठवली, घराचा नंबर आठवला. ते सगळे आकडे घरात सगळ्यांना माहीत. मी एकाशी एक न जुळणारे आकडे दाबले आणि घरी येईपर्यंत ते पुटपुटत होते. शेजारणीला वाटलं, बाई जप करतेय.

मग यांची तयारी सुरू झाली. हे जुन्या वळणाचे. कार्डात पैसा ठेवला की तो गेलाच, अशी समजूत. शिंप्याकडून बंडीला दुसरा चोरखिसा लावून घेतला. शिवाय जहाजावरच्या नोकरचाकरांना द्यायला लग्नात देतात तशी शगुनाची पाकिटं आणली, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेली. मी म्हटलं, तिथं नोटा चालत नाहीत. म्हणाले, "लिफाफा कोण्या मुलुखात चालत नाई?" माझी मांडणी साधी होती. काही पैसे जहाजाच्या कार्डासाठी खात्यात, काही नोटा बेटांवर लागतील म्हणून पर्समध्ये. सगळे मिळून इतकेच, की एकही उरला नाही तरी मला हळहळ वाटू नये. त्या आकड्यावर पोचायला मला बरेच दिवस लागले. प्रत्येक वेळी मनात कुणीतरी म्हणायचं, एवढे कशाला? ते कुणीतरी म्हणजे मीच होते.

जहाज म्हणजे मुंबईच्या बंदरात उभी असलेली आडवी सोसायटीच. आत गेल्यावर काउंटरवर रांग. आमचा नंबर आला आणि यांनी सदऱ्याची बटणं काढायला सुरुवात केली. मागे हाफपँटीतली तरुण पोरं, पुढे लिपस्टिक लावलेली कर्मचारी, आणि मधे आमचे हे बंडीत हात घालून उभे. पहिला खिसा रिकामा केला. मग त्या कर्मचारी मुलीनं सांगितलं की इथं जमा असलेला पैसा सुरक्षित, हरवलं कार्ड तरी दुसरं मिळतं, उरलेली रक्कम परत. यांना ते इतकं पटलं की दुसराही खिसा रिकामा केला. चोरीची भीती कायमची मिटली. मी माझं कार्ड मशीनला टेकवलं, आकडे दाबले, बाजूला झाले. लागला तो सगळा क्षणभराचा वेळ. यांनी सवयीनं विचारलं, "किती टाकले?" मला ऐकू आलं होतं. मी म्हटलं, "चला, खोली पाहू."

खोली नीट करणारा माणूस फिलिपिन्सचा होता. यांनी त्याला पाकीट दिलं तेव्हा त्यानं आधी वाकून आभार मानले, मग ते चिकटलेलं नाणं नखानं सोडवलं आणि मोठ्या आदरानं यांच्या हातात परत ठेवलं. चुकून राहून गेलं असावं, असं त्याला वाटलं. हे त्याला शगुन समजावू लागले, तो मान डोलवत राहिला, आणि शेवटी दोघंही हसले. यांचा असा मोकळा चेहरा मी पुष्कळ दिवसांनी बघत होते.

पण माझी गोष्ट इतकी सोपी झाली नाही. पहिल्या सकाळी मी सगळ्यात वरच्या डेकवर गेले आणि विकतची कॉफी मागवली. समोर समुद्र, निळा नव्हे, शिशासारखा राखाडी. पाण्यावर नजर ठरेना, कशाला टेकवावी तेच कळेना. हे शोधत आले. "अवं, खाली फुकट चहा भेटते नं!"

"भेटते."

"मंग?"

"मले ही प्यायची आहे."

ते बाजूच्या खुर्चीत बसले, त्यांनी फोन वर धरून नेटवर्क शोधलं. डेकवर सगळेच पुरुष हात उंच करून तसे उभे होते. मी कॉफीचा घोट घेतला आणि माझ्या लक्षात आलं, की मनात माझं सुरू झालं आहे: वर गर्दी नव्हती म्हणून, डोकं जड होतं म्हणून, एकदाच म्हणून. संध्याकाळी सांगायची कारणं मी गोळा करत होते! कुणी विचारलं नव्हतं. कार्ड माझं, पैसा माझा, नवरा गप्प बसलेला, आणि मी आपली मनातल्या मनात निरांजन लावून हिशेब देत होते. स्वतःचीच इतकी चीड आली की डोळे भरून आले. त्या दिवशी मी आणखी एक कॉफी मागवली. ती मला नको होती. तरी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, आणि एकही कारण मनात येऊ दिलं नाही. हे वाटतं तितकं सोपं नसतं.

मग बेट आलं. मोठं जहाज लांब थांबलं आणि लहान होड्यांतून आम्हाला किनाऱ्यावर नेलं. तिथलं पाणी मात्र खरंच निळं, इतकं उथळ आणि स्वच्छ की होडीची सावली तळाला दिसत होती. वाळूवर पाय भाजत होते. माडाखाली एक माणूस शहाळी विकत बसला होता. यांना तहान लागली होती. शहाळं तासून झालं आणि यांचा हात सदऱ्यात गेला, बंडीत गेला, आणि तसाच राहिला. दोन्ही खिसे जहाजावर रिकामे झाले होते. फोनला नेटवर्क नव्हतं. जहाजाचं कार्ड त्या माणसानं उलटसुलट करून परत दिलं.

हे वाळू तुडवत माझ्याकडे आले. मी शिंपल्यांजवळ बसले होते. "अवं," ते म्हणाले, आणि थांबले. "तुह्याजवळ नोटा आहेत नं? जरा दे बरं."

मी पर्स उघडली. पर्सला एकच चेन. हाताला आल्या त्या नोटा दिल्या. ते गेले, शहाळं प्यायले, माझ्यासाठी एक घेऊन आले, आणि उरलेले पैसे माझ्यापुढे धरून उभे राहिले. "दोन शहाळे झाले. तो जास्त सांगत होता, मी म्हटलं, नाई बाप्पा. मंग एक नारळाची बर्फी घेतली, चाखाले. हे इतके उरले, आणि एक नोट फाटकी देली त्यानं, मी बदलून..."

"अवो," मी म्हटलं, "तुमाले कोणी विचारलं?"

हात तसाच पुढे होता, त्यात नोटा आणि बर्फीचा कागद. मला टोमणा मारायचा नव्हता, खरंच नव्हता. पण त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. उन्हानं लाल झालेला तो चेहरा बघून मला त्यांची दया आली, आणि मग दया येण्यासारखं काही नाही हेही कळलं. मी हे आयुष्यभर रोज केलं होतं. ते खाली वाळूत बसले. हातातल्या नोटा सारख्या करत म्हणाले, "असं वाटत होतं का वं तुले?"

"हव," मी म्हटलं.

आम्ही बर्फी अर्धी अर्धी खाल्ली. फार गोड होती. उरलेल्या नोटा त्यांनी परत माझ्या हातात देऊ केल्या, तर मी म्हटलं, ठेवा तुमच्याजवळ, पुढच्या बेटावर लागतील. त्यांनी त्या बंडीत ठेवल्या नाहीत, सदऱ्याच्या वरच्याच खिशात ठेवल्या.

उरलेला प्रवास मी खर्च केला. मनसोक्त म्हणवत नाही, जन्माची सवय आहे. पण ठामपणे केला. दुकानांतून फिरले, वस्तू हातात घेतल्या, काही परत ठेवल्या, काही ठेवल्या नाहीत. हे कधी सोबत असायचे, कधी नसायचे. एकदा मी एका दाराशी थांबले आणि म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी येते. ते गेले. वळूनही बघितलं नाही. मी आत गेले, कार्ड टेकवलं, आणि बाहेर आले तेव्हा हवेत पाय ठेवल्यासारखं हलकं वाटत होतं.

शेवटच्या सकाळी त्याच काउंटरवर पुन्हा रांग. यांनी बिल छापून घेतलं, चष्मा लावून ओळ न ओळ वाचलं आणि उरलेली रोकड मोजून घेतली. मग माझी पाळी. कर्मचारी मुलीनं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. मी सगळ्या नोंदी वाचल्या. इतकी वर्षं कारकून होते, न वाचता कशी सोडेन? बरोबर होत्या. तिनं विचारलं, छापून देऊ का? "नको," मी म्हटलं. अशा जागेवरून पावती न घेता मी आयुष्यात पहिल्यांदा हलले.

जिन्याशी हे उभे होते. बॅग उचलता उचलता सहज म्हणून विचारलं, "तुहे कायच्यात गेले?"

"गेले कशात तरी."

बघता बघता ते हसायला लागले. "बरं," म्हणाले, "नको सांगू."

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. नेहानं विचारून बघितलं, माझ्या बहिणीनं तर आडून आडून फार प्रयत्न केला. आता वाचता वाचता तुमच्याही मनात आलं असेल, की बाईनं त्या दाराआड घेतलं तरी काय. येणारच. पण मी सांगणार नाही. पैसे माझे होते.